एरंडेलाचा पंजा

बाबा — एरंडेल? आणि ते हाताला?

लेक — तेल चोळायचं नाहीये, बाबा. एरंडेलापासून केलेला हा पंजा हातावर चढवायचा आहे.

बाबा — अगं, एरंडेलानं काय उघडतं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. माझी मूठ उघडत नाही. बाकीचं सगळं रोज सकाळी वेळेवर उघडतं.

मास्तर — अरे, लेक समोर आहे. जीभ जरा आवर.

बाबा — अर्धांगाचा झटका हाताला आला, मास्तर, जिभेला नाही. देवानं तेवढं बरं केलं.

मास्तर — तेच तर आम्हा गिऱ्हाइकांचं दुर्दैव.

बाबा — गिऱ्हाईक? तुम्ही? तुमच्या डोक्यावर माझी कात्री शेवटची चालली तेव्हा ही पोर दुधाचे दात पाडत होती. त्यानंतर तुम्ही या दुकानात येता ते फुकटचा पेपर वाचायला आणि पंख्याचा वारा खायला.

मास्तर — कानांमागे केस आहेत माझे. भरपूर आहेत.

बाबा — आहेत. पावसानंतर भिंतीला येतं ना, तसं काहीतरी आहे खरं.

लेक — तुम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसणार आहात का? बाबा, ही खुर्ची खाली कशी करायची?

बाबा — डावीकडचा दांडा दाब. पायानं. हां. वर्षभर दुकान बंद, तिला कुणी तेल दिलं नाही, म्हणून कण्हतेय. तुझ्या त्या पंजात उरलं असेल तर दोन थेंब सोड.

लेक — त्यातून आता थेंब निघायचा नाही. हात इकडे द्या. उजवा.

बाबा — हा घे. खांदा चालतो, कोपर चालतं, मनगटसुद्धा चालतं. मूठच तेवढी रुसलीय.

मास्तर — मला नीट समजावून सांग, पोरी. मग मी याला समजावतो. शाळेत तुला विज्ञान मीच शिकवलं.

लेक — काका, तुम्ही भूगोल शिकवायचात.

मास्तर — विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या की कोण यायचं वर्गावर?

लेक — तुम्ही. आणि नद्या पाठ करून घ्यायचात.

बाबा — मास्तर, पेपर वाचा. पोरी, मला सांग. पण मला कळेल असं सांग, तुझ्या त्या परिषदेत सांगतेस तसं नको.

लेक — बरं. तेलाचा एक कण घ्या. तो कसा असतो? तीन लांब बटा एका चिमट्यात अडकवाव्यात, तसा. असे असंख्य चिमटे एकमेकांवरून घसरत असतात, म्हणून तेल वाहतं. आम्ही काय करतो, तर या बटांना त्या बटांशी गाठी मारतो. मग घसरणार कुठे?

बाबा — म्हणजे गुंता.

लेक — मुद्दाम केलेला गुंता.

बाबा — घ्या! मी जन्मभर लोकांचे गुंते सोडवले आणि माझी मुलगी पगार घेऊन गुंते करते.

लेक — ऐका तर. हा गुंता ज्या आकारात पक्का होतो, तो त्याचा कायमचा आकार. नंतर तो गरम करा, मऊ पडतो. हवा तसा वाकवा, वाकलेलाच गार होऊ द्या, तसाच राहतो. पण पुन्हा तापला की त्याला आपला पहिला आकार आठवतो आणि तो तिकडे परत जातो.

बाबा — हात्तिच्या. भोवऱ्यासारखं. गिऱ्हाईक म्हणतं, भांग उजवीकडे पाडा. पाणी मारून पाडतो आपण. दुकानाबाहेर जाऊन केस वाळले की भोवरा आपल्या मूळ जागी.

लेक — अगदी तसं! फक्त भोवरा कुठे असावा ते इथे आपण ठरवतो.

मास्तर — मला भोवरा आहे का रे अजून?

बाबा — भोवरा आहे, मास्तर. फिरायला काही नाही. आणि हा पंजा काळाकुट्ट का? एरंडेल तर पिवळट असतं.

लेक — त्यात कार्बनच्या नळ्या घातल्यात. इतक्या बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारो शेजारीशेजारी मावतील.

बाबा — हजारो? असले केस घेऊन कुणी माझ्याकडे आलं असतं, तर मी हात जोडून परत पाठवलं असतं.

लेक — त्यांच्याशिवाय जमत नव्हतं. पहिला पंजा नुसत्या तेलाचा केला होता. आठवतंय? घरी आणला होता.

बाबा — तो? तो तर माझ्या मुठीनं चुरगाळून टाकला. ओल्या पुठ्ठ्यासारखा.

लेक — तो हरला. नळ्या घातल्यावर अंगात जोर आला. शिवाय त्यांच्यातून वीज जाते. ही छोटी बॅटरी जोडली की पंजा आतल्या आतच तापतो, हाताजवळ निखारा नको, हातावर उकळतं पाणी नको.

बाबा — वीज? एक झटका खाल्लाय मी. दुसरा घरच्या माणसाकडून नको.

लेक — काही लागत नाही. आत कापडाचं अस्तर आहे. ताप आलेल्या कपाळाला हात लावल्यासारखं वाटेल, एवढंच.

मास्तर — मग उरका लवकर. मालक येतीलच एवढ्यात.

लेक — कोण मालक?

मास्तर — जागेचे. किल्ली न्यायला. का, तुला बोलला नाही हा?

लेक — बाबा?

बाबा — त्यात काय बोलायचं? त्याला मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायचंय इथे. मागं लागला होता. मी म्हटलं, ये आज संध्याकाळी. माझी लेक हात उघडणार आहे. कात्री चालली तर दुकान माझं, चहा पिऊन घरी जा. नाही चालली तर किल्ली घेऊन जा.

लेक — असं बोललात तुम्ही त्यांना? मला न विचारता?

बाबा — तुला काय विचारायचं? तू शास्त्रज्ञ, तुझ्यावर विश्वास नको? चल, लाव तुझं ते जुलाबाचं यंत्र.

लेक — बाबा, पण मी...

बाबा — लाव म्हणतो ना.

लेक — बरं. मास्तरकाका, तो थर्मास द्या. आधी पंजा या गरम पाण्यात बुडवून मऊ करते... झाला. आता बोटांच्या मधून या पट्ट्या सरकवते. दुखलं तर सांगा.

बाबा — दुखतंय.

लेक — अजून हात नाही लावला मी.

बाबा — आधीच सांगून ठेवलं.

लेक — हं. बसला मुठीवर. आता गार होऊन कडक होईल. झाला. पाहा, मुठीसारखीच मूठ. आता बॅटरी. काका, तुम्ही दाबणार बटण?

मास्तर — मी? नको बाबा. माझ्या हातून वर्गातला पृथ्वीचा गोलसुद्धा फुटला होता.

बाबा — मी दाबतो. डावा हात आहे ना माझा शाबूत. हे?

लेक — हेच.

(आधी काहीच होत नाही. मग करंगळीपाशी पंजा जरासा हलतो, थांबतो, आणि नको तितक्या लवकर उठवलेल्या माणसासारखा आळोखेपिळोखे देत उलगडू लागतो. बाबा हाताकडे पाहत नाहीत. सवयीनं ते समोरच्या आरशातच पाहत राहतात.)

मास्तर — अरे... अरे, उघडतोय.

लेक — दुखतंय का, बाबा?

बाबा — नाही.

लेक — खरं सांगा.

बाबा — नाही म्हटलं ना. कुणीतरी हळूच एकेक बोट सोडवतंय असं वाटतंय. तुझी आई अशीच सोडवायची, मी तिचा पदर धरून भांडत असलो की.

मास्तर — तळवा दिसला! मला दिसला!

बाबा — वासही आला असेल. वर्षभर शटर बंद होतं.

लेक — बाबा, हे काय! नखं रुतलीत आत. ही पाहा, चार खुणा. इथे तर जखम होऊन वाळलीय. बोलला का नाहीत?

बाबा — काय बोलायचं? न्हाव्याची नखं वाढलीत म्हणून? गावभर झालं असतं.

लेक — थांबा, माझ्या पर्समध्ये नेलकटर आहे. हलू नका.

बाबा — जरा गोल काप. कोपरे ठेवू नकोस. हां... अशी. हात बरा आहे तुझा. या धंद्यात आली असतीस तर चांगलं नाव काढलं असतंस.

लेक — झालं. आता कसं वाटतंय?

बाबा — कात्री दे.

लेक — लगेच? थोडा आराम...

बाबा — ती लांब पात्याची. ड्रॉवरमध्ये, चामड्याच्या पाकिटात. दे.

लेक — ही घ्या.

बाबा — अंगठ्यात ही कडी... थांब. जात नाहीये. अंगठा आडवा येतोय. मास्तर, जरा ढकला.

मास्तर — ढकलतोय. कडी बोटाच्या टोकाशीच अडतेय रे.

बाबा — ते दुसरं बोट बाजूला घ्या.

मास्तर — होत नाही ते. अंगठ्याला चिकटून बसलंय. हा हात मला कुणाला तरी चिमूटभर मीठ देताना दिसतोय.

बाबा — की वर्गात कुणाचा कान पिरगाळताना? तुमचा हात चुकून इकडे आला असेल. अरे, अरे, पडली कात्री! पात्यावर पडली का?

लेक — नाही, कड्यांवर पडली. मी उचलते.

बाबा — असा कसा हा आकार, पोरी? सरळ का नाही उघडला?

लेक — अगदी सरळ करायचाच नव्हता. मोकळा सोडलेला हात कधी सपाट नसतो, थोडा वळलेला असतो. म्हणून तसा साचा घेतला. हाच तुमचा मोकळा हात आहे.

बाबा — माझा हात मला माहीत नाही? मोकळा सोडला की कडीत बोटं आपोआप जायची. बघायचीसुद्धा गरज नव्हती.

मास्तर — जाऊ दे, चिडू नको. कात्री नाही तर दुसरं काहीतरी बसेल. हा पेपर घे... नाही. ब्रश? सुटला. हा कंगवा... अरेच्चा! बसला!

लेक — काय बसला?

मास्तर — कंगवा! असा बसला की काढता येत नाहीये. ओढतोय मी. बघ!

बाबा — ओढू नका. सोडा. सोडा म्हणतो.

लेक — बाबा, काय झालं?

बाबा — साचा कसा घेतलास?

लेक — तुमचा उजवा उघडत नव्हता. म्हणून डाव्याचा घेतला आणि संगणकावर उलटा केला. आरशात दिसतो तसा. सगळे असंच करतात.

बाबा — त्या थंडगार लगद्यात हात घालून बसवलं होतंस मला. काय म्हणाली होतीस तेव्हा?

लेक — म्हटलं, हात सैल सोडा. जसा राहील तसा राहू द्या.

बाबा — मी तसाच राहू दिला.

लेक — अरे देवा.

मास्तर — कुणीतरी मलाही सांगा.

लेक — काका, बाबांच्या उजव्या हातात कात्री असते.

मास्तर — असते.

लेक — आणि डाव्यात?

मास्तर — डाव्यात... हां. हां! हां हां हां!

बाबा — हसा. पोट धरून हसा. मी हात सैल सोडला आणि त्यानं कंगवा धरला. कंगवा नव्हता तरी धरला. झोपेतसुद्धा तो असाच असायचा. हिची आई म्हणायची, स्वप्नात कुणाची डोई पकडलीत?

लेक — आणि मी तोच पक्का केला. आमच्या सरांनी पाहिला, डॉक्टरांनी पाहिला. मी अहवालात लिहिलंय, ‘हाताची नैसर्गिक विश्रांतीची अवस्था’.

मास्तर — खोटं काय त्यात? न्हाव्याच्या हाताची विश्रांती म्हणजे फक्त कंगवा धरणं!

बाबा — म्हणजे आता माझ्या उजव्या मनगटावर डावा हात आहे.

लेक — चूक माझी आहे, बाबा. दुसरा करते. या वेळी बोटं नीट मोजून, कात्रीच्या मापानं.

बाबा — मग ठीक आहे. मालकाला सांगतो, थोडं थांब. साचा चुकला होता. पुढच्या खेपेला कात्री चालेल.

लेक — तसं सांगू नका.

बाबा — का? वेळ लागेल?

लेक — वेळ लागेलच. पण... बाबा, दुसरा पंजा कात्री धरेल. चालवणार नाही.

बाबा — म्हणजे काय?

लेक — हा पंजा उघडतो आणि उघडलेला राहतो. कात्रीला सारखी उघडझाप हवी. प्रत्येक उघडझापीला त्याला तापवायचं, गार करायचं, पुन्हा वाकवायचं... एका माणसाचे केस कापेपर्यंत त्याचे पुन्हा वाढतील.

बाबा — हे तुला आज कळलं?

लेक — नाही.

बाबा — आधीपासून माहीत होतं.

लेक — हो. मी नेहमी म्हणत होते, मूठ उघडेल. तेवढंच म्हणत होते.

बाबा — आणि मी ऐकत होतो, कात्री चालेल.

लेक — दिसत होतं मला, तुम्ही काय ऐकताय ते.

बाबा — मग तोंड का नाही उघडलंस? त्याला कुठलं तेल लागतं?

लेक — तुम्ही ताट सारून भिंतीकडे तोंड करून बसायचात. पंजाचं बोलणं काढलं त्या दिवसापासून पुन्हा जेवायला लागलात. दाढी करून घ्यायला लागलात. मास्तरकाकांना शिव्या द्यायला लागलात. मला वाटलं, आधी मूठ तर उघडू दे. पुढचं पुढे सांगू.

मास्तर — शिव्यांचं खरं आहे. मधे काही महिने बंद झाल्या होत्या. मला रात्रीची झोप नव्हती.

बाबा — मास्तर, किल्ली खुंटीवर आहे. तो आला की द्या त्याला. मला त्याचं तोंड बघायचं नाही.

मास्तर — मी नाही देणार.

बाबा — का?

मास्तर — मग मी कुठे बसू? मोबाईलच्या कव्हरांत?

बाबा — घरी बसा. घर आहे ना तुम्हाला?

मास्तर — घरी माझं कुणी ऐकत नाही. इथेही ऐकत नाही, पण इथे निदान आरसा आहे, समोर कुणीतरी मान हलवताना दिसतं.

बाबा — पोरी, हा कंगवा काढ. निघू आपण.

लेक — निघत नाही. बॅटरी मी कधीच काढली, पंजा गार होऊन कडक झालाय. कंगव्यासकट. परत तापवून बोटांनी फाकवावा लागेल. थांबा, जोडते.

बाबा — थांब.

लेक — काय?

बाबा — थांब जरा. जोडू नकोस. किती घट्ट राहील हा?

लेक — गार आहे तोवर कितीही. तुम्ही ओढलात तरी सुटणार नाही.

बाबा — मनगट वळतंय... कोपर उचलतंय... मास्तर, इकडे या.

मास्तर — का?

बाबा — या तर. कानामागे बघतो.

मास्तर — अजिबात नाही! ते माझे शेवटचे आहेत. प्रयोगाला कुणी शेवटचं काही देतं का?

बाबा — मघाशी भरपूर आहेत म्हणालात.

मास्तर — मघाशी तुझ्या हातात कंगवा नव्हता.

लेक — बाबा, मी बसते.

बाबा — तू? तुला परवा परिषदेला जायचंय ना? चारचौघांसमोर उभं राहून बोलायचंय.

लेक — बसते म्हटलं ना. उठा तुम्ही खुर्चीतून. खुर्ची गिऱ्हाइकाची असते.

बाबा — मास्तर, तो कपडा द्या. झटका आधी, वर्षाची धूळ आहे. मानेला बांधा तिच्या. घट्ट नको, श्वास घेऊ दे. हं. कंगवा घातला... बघ, जातोय. जातोय की! अगदी मुळापासून. हा हात कधी कंगवा धरायला शिकलाच नव्हता, आणि बघ कसा धरतोय.

लेक — आणि कात्री?

बाबा — डाव्यात घेतोय. घेतली. मान खाली... अरे हट्.

लेक — काय झालं? ओढले गेले.

बाबा — कापत नाहीये, चावतेय. उजव्या हाताची कात्री आहे, डाव्यात गेली की पाती एकमेकांपासून दूर पळतात. केस मधेच दुमडतो. थांब. अंगठा बाहेर रेटण्याऐवजी आत ओढून बघतो.

मास्तर — असं कुणी शिकवलं तुला?

बाबा — कुणी शिकवणार? आत्ता सुचलं. गप्प बसा, नेम चुकेल.

लेक — बाबा, घाई नका करू.

बाबा — गिऱ्हाइकानं बोलायचं नाही... कापला! ऐकलंत, मास्तर?

मास्तर — ऐकलं रे. स्वच्छ ऐकलं.

लेक — किती कापलात?

बाबा — ठरवलं होतं त्याहून जरा जास्त.

लेक — जरा म्हणजे?

मास्तर — पोरी, परिषदेत टोपी चालते का?

लेक — काका!

बाबा — त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. आता दुसरी बाजू याच्या बरोबरीनं आणतो. मान डावीकडे. तुझी डावीकडे. नाही, माझी... थांब, मलाच कळेना. आरशात बघ आणि माझ्याकडे झुक.

लेक — अशी?

बाबा — अशीच राहा. हं. हा कापला. हा चावला. हा कापला.

मास्तर — काचेवर टकटक होतेय. मालक आलेत.

बाबा — येऊ दे.

मास्तर — किल्ली विचारतील.

बाबा — बाकावर बसा म्हणावं. खुर्चीत गिऱ्हाईक आहे.

मास्तर — आणि किती वेळ लागेल विचारलं तर?

बाबा — वेळ लागेल म्हणावं. कारागीर नवीन आहे.